पंचांग मिटा, वेळापत्रक उघडा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी मुले स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी धारवाडच्या सप्तापुरात राहायला येतात. पुण्या-मुंबईचे गानरसिक धारवाडला येतात ते गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचे घर पाहायला. कारणे वेगळी, पण अनेक घरांत निघण्यापूर्वीची चौकशी एकच: आज दिशाशूल कुठे, म्हणजे कोणत्या दिशेचा प्रवास वर्ज्य?

गुरुवारी दक्षिण वर्ज्य, सोमवारी आणि शनिवारी पूर्व वर्ज्य, असे पंचांग सांगते. आता रूळ पाहा. बेळगावहून निघालेली गाडी खानापूरवरून लोंढ्यापर्यंत दक्षिणेला जाते आणि तिथून अळणावरमार्गे धारवाडकडे पूर्वेला वळते. मग सोमवारी निघालेल्याने लोंढ्याला उतरून मंगळवारची वाट पाहायची काय? प्रवासाची सुरक्षितता रूळ, सिग्नल आणि चालकाची जागरूकता यांवर अवलंबून असते. वारावर नाही.

शुभाशुभाच्या या चौकशीत खरी चौकशी, म्हणजे कसे जायचे आणि तिथे कसे वागायचे ही, राहून जाते. हुबळी ते धारवाड अंतर सुमारे 20 किलोमीटर. स्वतंत्र मार्गिकेवरून धावणाऱ्या 'चिगरी' बसने ते सहज कापता येते. जून 2023 पासून 'शक्ती' योजनेत महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, पण तो कर्नाटकातल्या महिलांना. महाराष्ट्रातून आलेल्या भगिनींनी तिकीट काढावे, वाहकाशी वाद घालू नये. सीमाप्रश्नाचा राग त्याच्यावर काढणे तर सरळ अन्याय आहे. सप्तापुरात खोल्या-खोल्यांतून मुले अभ्यास करीत असतात. तिथे हॉर्न वाजवणे, कोणाच्या फाटकासमोर गाडी लावणे हा गुन्हा मानावा. साधनकेरीला कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांचे घर पाहायला जाल, तेव्हा आसपास माणसे राहतात हे विसरू नका. फोटो विचारून काढा.

ज्या मन्सूरांसाठी आपण येतो, त्यांनी बसवण्णा आदी शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, वचने आयुष्यभर गायिली. मुहूर्ताची पराधीनता बसवण्णांनी बाराव्या शतकातच झुगारली होती. मन्सूरांच्या गायनापुढे मान डोलवायची आणि त्यांच्या घराच्या दर्शनाला निघताना वार पाहायचा, ही भक्ती नव्हे, ढोंग आहे.

कोणी म्हणेल, मनाला समाधान मिळते, इतरांचे काय बिघडते? बिघडते. वार पाळण्यापायी प्रवेशाची तारीख चुकते ती मुलीची. ठरवणारे मात्र वडीलधारे असतात. त्याहून वाईट म्हणजे, वाराचा शकुन मानणारे घर माणसाचाही शकुन मानू लागते. निघताना विधवा समोर आली म्हणून चार पावले मागे फिरणारे सुशिक्षित लोक आजही आहेत. नवरा गेला यात तिचा अपराध कोणता? जिने पदरमोड करून नातवाची फी भरली, तिनेच तो निघताना आतल्या खोलीत थांबायचे, हा रिवाज नाही, क्रौर्य आहे. तुमच्या घरी अशी आजी, आई, बहीण असेल तर तिला दारात पुढे उभी करा आणि पहिला निरोप तिचाच घ्या.