दाराआडची आग

वैदिक कथांमधला अग्नी एकदा भिऊन पळून जातो. देवांसाठी हविर्द्रव्य वाहता वाहता त्याचे थोरले भाऊ खर्ची पडलेले असतात. आता आपलीही तीच गत होणार या धास्तीने तो पाण्यात लपतो आणि देवांना त्याची मनधरणी करावी लागते. जो सर्वांना जाळतो, त्यालाही भावांच्या मरणाचे भय असावे, ही कल्पना ज्या मनाला सुचली त्याच्या करुणेचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. रॉन हॉवर्ड यांचा १९९१ सालचा ‘बॅकड्राफ्ट’ हा चित्रपट पाहताना मला हाच पळालेला अग्नी आठवत राहतो.

शिकागो हे १८७१च्या महाभयंकर आगीतून पुन्हा उभे राहिलेले शहर. तिथल्या मॅककॅफ्री बंधूंचा पिता १९७१मध्ये आग विझवताना धाकट्या ब्रायनच्या डोळ्यांदेखत मरतो, आणि बापाचे शिरस्त्राण हाती धरलेल्या त्या पोराचे छायाचित्र साऱ्या देशासमोर येते. वीस वर्षांनी, अनेक उद्योग अर्धवट टाकून, ब्रायन अग्निशमन दलात येतो तेव्हा त्याचा थोरला भाऊ स्टीफन मुखवटासुद्धा न लावता ज्वाळांत शिरणारा वीर झालेला असतो. एक आगीपासून दूर पळत राहिला, दुसरा तिच्याच दिशेने धावत राहिला. पण दोघांच्याही पायांना गती दिली ती एकाच मृत्यूने, आणि म्हणून मला भित्रेपणा व बेदरकारी ही एकाच शोकाची दोन अपत्ये वाटतात.

चित्रपटाचे लेखक ग्रेगरी वायडेन यांनी स्वतः अग्निशमनाचे काम केले होते. आगीच्या स्वभावाची त्यांना जवळून ओळख असावी. बंद खोलीतली आग तिथला प्राणवायू संपवते, ज्वाळा मावळतात, बाहेरून सारे शांत भासते; आत मात्र तप्त, अर्धवट जळलेले वायू कोंडून राहिलेले असतात, आणि कुणी दार उघडताच आत शिरलेल्या वाऱ्यासरशी त्यांचा स्फोट होतो. म्हणूनच जाणता जवान दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने त्याची ऊब अजमावतो. या दोन भावांमध्येही वर्षानुवर्षे असेच एक दार लोटलेले आहे, आणि ते किती तापले आहे हे हात लावून पाहण्याचा धीर दोघांपैकी एकालाही होत नाही.

हेच भौतिक सत्य कुणीतरी हत्येसाठी वापरतो. दारे लिंपून आत आग कोंडून ठेवायची, की बळी आपल्याच हाताने मृत्यूला वाट करून देतो. अखेरीस कळते की हा आग लावणारा म्हणजे स्टीफनचाच जुना सहकारी ॲडकॉक्स. अग्निशमन केंद्रे बंद पाडणाऱ्यांच्या लोभापायी सोबती मेले, म्हणून सुडाला पेटलेला. इथे मला लाक्षागृह आठवते. दुर्योधनाच्या कपटातून पांडव वाचले खरे, पण त्या घराला प्रत्यक्ष आग लावली ती भीमाने, आणि त्यात दुर्योधनाचा हस्तक पुरोचन याच्याबरोबर एक निषाद स्त्री व तिचे पाच पुत्र जळून गेले. भुयारातून बाहेर पडल्यावर आईला आणि भावंडांना खांद्या-कडेवर घेऊन धावणारा भीम हा महाभारतातल्या वत्सलतेचा उत्कट क्षण. पण त्याच्या पाठीमागे जे घर जळते आहे त्यातही एक आई आहे, पाच भावंडे आहेत. आपल्या माणसांवरचे प्रेम इतरांच्या घराला किती सहज आग लावते, हे व्यासांनी एकही अश्रू न ढाळता सांगून ठेवले आहे.

म्हणून स्टीफनची अखेरची कृती मला नैतिकदृष्ट्या फार मोलाची वाटते. जळत्या कारखान्यात कोसळणाऱ्या ॲडकॉक्सचा हात तो सोडत नाही. हा खुनी आहे हे ठाऊक असूनही सोडत नाही, आणि त्यापायी स्वतःही मरतो. त्या हाताने गुन्ह्याला क्षमा केलेली नाही, सुडाला आधारही दिलेला नाही. मरू घातलेल्या माणसाला मात्र धरून ठेवले आहे. आग कशी पेटते आणि कशी विझते हे दोघांनाही सारखेच ठाऊक होते. कारण विद्या रक्षणकर्त्याची आणि संहारकाची एकच असते. त्यांना वेगळे करते ते एवढेच, की कुणाचे प्राण वाचवण्याजोगे आहेत हा प्रश्न एक जण विचारतो आणि दुसरा तो विचारायचेच नाकारतो.