हरवले ते पुसावे



गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनी ज्ञान मिळविण्याची रीत अर्जुनाला सांगितली आहे. ती तीन शब्दांत मावते : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. आधी नमावे, मग विचारावे, आणि ज्याला विचारले त्याच्या उपयोगी पडावे. ही रीत केवळ ब्रह्मज्ञानापुरती आहे असे कोणी समजू नये. घरातले जनावर हरवले तरी हीच रीत लागते. प्रपंचात जी खरी ठरते तीच परमार्थातही खरी ठरते, म्हणून आधी प्रपंचाकडे पाहू.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणाचा बैल दावे तोडून गेला, तर तो शेतकरी काय करतो? आधी आपले शेत, मग शेजाऱ्याचे शेत, मग नाला, मग कोंडवाडा. तेथे नाही मिळाला, की तो परगावची वाट धरतो. रस्त्यात जो भेटेल त्याला, मग तो कोण्या जातीचा का असेना, हात जोडून विचारतो, "बाप्पा, तांबडा बैल पायला का? डावं शिंग मोडेल हाये, कपाळावर चांद हाये." या एका वाक्यात पाहा किती गोष्टी आल्या! 'बाप्पा' म्हणाला, तो प्रणिपात झाला. बैल हरवला हे लपविले नाही, तो परिप्रश्न झाला. आणि शिंगाची, कपाळाची खूण सांगितली. खुणेवाचून विचारणे म्हणजे वाऱ्याला विचारणे. नुसता 'बैल पायला का' म्हटले तर समोरचा म्हणेल, बैल तर शंभर पाहिले!

आता वारीत या. श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप हैबतबाबा आरफळकर यांनी १८३२ साली दिले, हे वारकऱ्यांस ठाऊकच आहे. या सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर रोज समाजआरती होते. पालखीभोवती दिंड्या उभ्या राहतात, टाळमृदंगाचा एकच कल्लोळ असतो. चोपदार आपला दंड उंच करतात आणि क्षणात सारे शांत होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. दिवसभरात वाटेत कोणाचे काय हरवले आणि कोणाला काय सापडले, हेही तेथेच पुकारले जाते. कोणाची पिशवी, कोणाचा चष्मा, कोणाचे पैशाचे पाकीट. ते सांगून झाल्यावर मग आरती.

हा क्रम लक्षात घ्या. आरती थांबते, पण गरीब वारकऱ्याच्या पिशवीची गोष्ट थांबत नाही. देवापुढे उभे राहून 'माझे हरवले आहे' म्हणण्याची येथे लाज नाही, आणि 'मला सापडले आहे' म्हणण्याचा येथे तोराही नाही. ज्याला सापडले त्याने पुढे आणून ठेवायचे, ज्याचे असेल त्याने खूण पटवून न्यायचे. लाखो अनोळखी माणसे एकमेकांना एकाच नावाने हाक मारतात, 'माउली'. ज्याला माउली म्हटले त्याला वाट विचारायला संकोच कसला? आणि ज्याला माउली म्हटले गेले, त्याला पाठ फिरवून कसे जाता येईल?

परमार्थात पाहावे तर नामदेवरायांची कथा आहे. देव ज्यांच्याशी बोलत होता, त्यांच्या डोक्यावर गोरोबाकाकांची थापटी बसली आणि मडके कच्चे ठरले. देवाकडे गाऱ्हाणे नेले, तेव्हा देवाने स्वतः ज्ञान दिले नाही. विसोबा खेचरांकडे जा म्हणून सांगितले. परंपरा सांगते की ही भेट औंढ्या नागनाथाला झाली. ते क्षेत्र आमच्या उमरखेड-पुसदच्या अंगाने पैनगंगा ओलांडली की पुढे हिंगोली जिल्ह्यात आहे. तेथे जाऊन पाहतात तो एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजलेला! नामदेवरायांनी त्याला हटकले, त्याने उलट विचारले, पिंडी नाही अशी जागा दाखव, तेथे पाय ठेव. जे घरच्या देवाने दिले नाही ते परक्या गावच्या अनोळखी म्हाताऱ्याने दिले. देवाला ते देता येत नव्हते असे नव्हे. माणसाने माणसाला विचारावे, हेच देवाला हवे होते.

ज्या पोथ्यांवर आपला संप्रदाय उभा आहे, त्यादेखील अशाच विचारून विचारून हाती आल्या आहेत. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सांगितली गेली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांत तिच्यात पाठभेद शिरले. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली ती शुद्ध केली. असे काम घरच्या एका पोथीवर होत नाही. दुसऱ्यांच्या घरची पोथी मागावीच लागते. तुकोबांच्या गाथेची मोठी छापील आवृत्ती मुंबई सरकारच्या मदतीने १८६९ पासून निघू लागली. तेव्हाही पंडितांना देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथल्या वह्या मिळवून ताडून पाहाव्या लागल्या. कोणीतरी दाराशी जाऊन म्हटले असेल, 'तुमच्या देव्हाऱ्यातली वही जरा पाहू द्याल का?' आणि त्या घराने ती दिली, म्हणून आज आपल्या हाती गाथा आहे.

आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी शके १२०० च्या सुमारास ज्याच्या त्याच्याकडून विचारून घेतल्या, त्यातून 'लीळाचरित्र' झाले. आणि खुद्द यवतमाळास विसाव्या शतकात यशवंत खुशाल देशपांडे यांनी 'शारदाश्रम' चालवून जुन्या पोथ्यांचा शोध घेतला. त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत, बाहेरच्याला वाचता येऊ नयेत अशा. अशा पोथ्या परक्याने मागायच्या आणि त्यांनी विश्वासाने दाखवायच्या, हे दोन्हीकडून नम्रतेशिवाय घडत नाही. पंथ निराळा, पण पुसण्याची रीत तीच.

आता वारीला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द व्यवहाराचे. आमच्या जिल्ह्यातून पंढरपूर फार लांब. पूर्वी यवतमाळची मंडळी मूर्तिजापूरपर्यंत 'शकुंतले'ने जात आणि तेथून मोठी गाडी धरीत. आता ती छोटी गाडी राहिली नाही. आषाढीच्या गर्दीत आमच्याकडली म्हातारी माणसे चुकतात. पोलीस विचारतात, 'आजी, गाव कोणतं?' आजी गावाचे नाव सांगते. त्या नावाची गावे महाराष्ट्रात दहा! तालुका तिला ठाऊक नसतो. आमच्या तांड्यावरच्या एखाद्या याडीला गोरमाटीशिवाय बोलता येत नाही, कोलामाच्या पोडावरच्या बाईचे बोल तर तेथे कोणालाच कळत नाहीत. म्हणून दिंडीप्रमुखांनी प्रत्येकाजवळ एक चिठ्ठी द्यावी. तीवर नाव, गाव, तालुका, जिल्हा, दिंडीचा क्रमांक आणि घरचा फोन असावा. बैलाची खूण आपण पाठ ठेवतो, मग माणसाची नको का? आणि चुकलेले माणूस दिसले तर 'पुढे विचारा' म्हणून सुटू नये. त्याचे बोट धरून चौकीपर्यंत जावे. दर्शनाला उशीर झाला तरी चालेल. विठोबा अठ्ठावीस युगे उभा आहे, आणखी घटकाभर उभा राहील.

पण वाचकहो, हे सारे ज्यासाठी लिहिले ते अजून सांगायचे आहे.

बैल हरवला तर दहा गावे विचारीत फिरणारा आमचा शेतकरी, पीक हरवले, पत हरवली, आणि शेवटी मनाचा धीर हरवला, की मात्र कोणाला विचारीत नाही. कोरडवाहू कपाशी, कर्ज, पावसाची दांडी यांनी या जिल्ह्यातली कितीतरी घरे उघडी पडली. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते. सरकारने काय केले आणि काय राहिले, हा हिशेब वेगळा आणि तो मागितलाच पाहिजे. आम्ही येथे दुसरीच गोष्ट विचारतो. ज्याने आपला तांबडा बैल साऱ्या मुलखाला विचारला, त्याने आपला हरवलेला धीर बायकोलाही का विचारू नये? लाज वाटते म्हणून. घरच्यांना दुःख होईल म्हणून. सोयरे हसतील म्हणून.

तर मग परक्याला विचारावे! परका हसत नाही, कारण त्याचे आपले भांडण नसते. कीर्तनात शेजारी बसलेल्याला सांगावे, देवळातल्या टाळकऱ्याला सांगावे. १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस' फोन २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य चालू आहे; मराठीत बोलता येते. फोनवरचे माणूस आपल्याला ओळखत नाही, हीच त्यातली सोय. खूण मात्र खरी सांगावी : झोप येत नाही, जेवण जात नाही, नको नको ते मनात येते. खूण सांगितली की शोधणाऱ्याला वाट सापडते.

आणि ज्यांचे काही हरवलेले नाही, त्यांनी गावात कोणाचे टाळ एकटेच वाजत राहिले आहेत का, याकडे कान द्यावा. जो हरिपाठाला येत होता आणि येईनासा झाला, जो पारावर बसत होता आणि बसेनासा झाला, त्याच्या दाराशी आपणच जावे. 'माउली, काही हरवलं का हो?' एवढेच विचारावे. विचारून झाल्यावर लगेच उठू नये, बसावे. त्या बसण्यालाच भगवंतांनी सेवा म्हटले आहे.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!