गॅरेजातला निक्षेप

नादुरुस्त वाहन गॅरेजमध्ये आणणाऱ्या माणसाला बहुधा तीन गोष्टी ठाऊक नसतात: बिघाड नेमका कुठे आहे, तो काढायला काय लागेल आणि सांगितलेले काम खरोखर झाले की नाही. पहिल्या दोन बाबतींत त्याला मिस्त्रीच्या शब्दावर विसंबावे लागते. तिसरीबाबत तर गाडी चालू लागल्यावरही त्याची खात्री पटत नाही, कारण नवी म्हणून लावलेली क्लच प्लेट जुनीच साफ करून बसवलेली असली तरी ती काही काळ चालतेच. या स्थितीला अर्थशास्त्रात माहितीची विषमता म्हणतात, म्हणजे व्यवहारातल्या एकाच बाजूला ज्ञान असणे. आणि जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली तिचे परिणाम उलगडताना जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेतले होते. परंतु ही विषमता बाजाराचा दोष मानली, तरी तिच्या वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या मिस्त्रीचा धर्म कोणता, हा प्रश्न शिल्लक राहतो.

पालघर आणि बोईसर-तारापूर या परिसरात हा प्रश्न विशेष स्वच्छ दिसतो, कारण तेथे दोन वेगळ्या प्रकारची गिऱ्हाइके एकाच धंद्याच्या वाट्याला येतात. पालघरच्या बाजारपेठेतला दुकानदार, सातपाटीचा मासळीवाला किंवा बोईसर स्टेशनबाहेरचा रिक्षावाला त्याच गॅरेजात वर्षानुवर्षे येतो, आणि फसवला गेला तर चार ठिकाणी बोलतो. याउलट मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोर किंवा चिल्हार फाट्याजवळ बंद पडलेल्या परराज्यातल्या ट्रकचा चालक पुन्हा कधी तोंड दाखवील याची शाश्वती नसते, आणि माल वेळेवर पोहोचवण्याची घाई त्याला घासाघीसही करू देत नाही. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नीतिमीमांसेच्या ग्रंथात असा एक दुकानदार कल्पिला आहे, जो अजाण गिऱ्हाइकालाही जादा भाव लावत नाही, पण केवळ धंदा टिकावा म्हणून. त्याची कृती कर्तव्याला धरून असली तरी कर्तव्यबुद्धीतून आलेली नसल्यामुळे तिला नैतिक मोल नाही, असे कांट म्हणतो. कांटचा निवाडा कठोर आहे, आणि बाजारपेठेतल्या मिस्त्रीच्या मनात शिरून हेतू तपासण्याचा अधिकार कोणाला आहे, अशी शंकाही रास्त आहे. मात्र फाट्यावरच्या गॅरेजात हेतू तपासावा लागत नाही, कारण तेथे धंदा टिकवण्याच्या शहाणपणाचा आधार आपोआप गळून पडतो.

शिवाय या किनाऱ्यावर खोटे बोलणे सोपे जाते. खाऱ्या हवेने पत्रा लवकर सडतो हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे ‘गंज धरलाय, बदलावंच लागेल’ हे वाक्य खऱ्या आणि खोट्या दोन्ही निदानांना सारखेच शोभते.

मग मिस्त्रीला बांधते काय? भारतीय परंपरेत याचे उत्तर निक्षेपाच्या कल्पनेत सापडते. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेली आणि तशीच परत मिळावी अशी अपेक्षा असलेली वस्तू. मनुस्मृतीने मोजलेल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे न्यायालयात येणाऱ्या वादांच्या प्रकारांत, ऋणाच्या पाठोपाठ तिचेच स्थान आहे, आणि नारदस्मृती कारागिराकडे सोपवलेल्या वस्तूलाही हाच नियम लावते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर धुवायला आलेले परक्याचे वस्त्र विकणाऱ्या, भाड्याने देणाऱ्या किंवा गहाण टाकणाऱ्या धोब्याला बारा पण दंड सांगितला आहे. (दुरुस्तीला आलेल्या मोटारसायकलवरून गावभर हिंडून येणाऱ्या गॅरेजातल्या पोरांना हा दंड आज कोणी लावत नाही.) भारतीय करार कायदा, १८७२ यातही दुरुस्तीसाठी ताब्यात घेतलेल्या वस्तूची काळजी सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घेण्याचे बंधन आहे. तथापि या नियमांना दिसते ती वस्तू. गाडीबरोबर मालक आपले अज्ञानही मिस्त्रीच्या हवाली करतो, आणि त्या अज्ञानाचा गैरफायदा घेणे हाच या धंद्यातला खरा अपहार होय. काढलेला जुना पार्ट न मागता मालकाच्या हातात ठेवणे, किंवा ओरिजिनल आणि लोकल मालाचे दोन्ही भाव सांगून निवड त्याच्यावर सोडणे, या रीती त्यामुळे निव्वळ सौजन्याच्या ठरत नाहीत. त्यांनी ते अज्ञान थोडे तरी कमी होते.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत हाच निक्षेप आणखी गुंतागुंतीचा होतो. कंपनीची बस किंवा टँकर आणणारा चालक मालक नसतो, आणि बिल वाढवून मागणाऱ्या माणसाला नकार दिला तर पुढची गाडी शेजारच्या गॅरेजात जाते. निक्षेप कोणाचा, हे येथे स्पष्ट आहे; अवघड आहे ते नकाराची किंमत सोसणे.

खंडेनवमीला पाने, जॅक आणि कॉम्प्रेसर झेंडूच्या फुलांनी सजतात, आणि त्या पूजेत खोटे काही नाही. परंतु याच जिल्ह्यातल्या सोपाऱ्याला १८८२ मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा आणि जवळच्या भुईगावात १९५६ मध्ये नवव्याचा तुकडा मिळाला, आणि इतरत्र सापडलेल्या प्रतींवरून कळणारा या नवव्या लेखाचा आशय असा की आजारपणात, लग्नात किंवा प्रवासाला निघताना केलेल्या मंगलविधींचे फळ अल्प असते, तर दास आणि नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांबाबत संयम हे धर्ममंगल खरे फलदायी असते. गिऱ्हाइकाशी सरळ वागून हाताखालच्या हेल्पर मुलाला राबवणाऱ्या मालकाला हा लेख अडचणीचा वाटेल. कुराणातील त्र्याऐंशीवा अध्याय मापात मारणाऱ्यांच्या निषेधाने सुरू होतो, तेव्हा मिस्त्री कोणत्या देवाला मानतो यानेही फरक पडत नाही.

निक्षेपाची कल्पना जेथे अपुरी पडते ती जागा वेगळीच आहे. ब्रेक लायनर संपलेली रिक्षा चालक ‘आज तेवढं जुळवून द्या’ म्हणून परत मागतो, तेव्हा निक्षेपाचा नियम मालकाची वस्तू मालकाला द्या म्हणतो. १८७२ चा कायदाही वाहन अडवून ठेवू देतो तो केलेल्या कामाच्या मजुरीसाठी, न केलेल्या कामातल्या धोक्यासाठी नव्हे. आणि त्या रिक्षापुढून रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलगी या व्यवहारात पक्षकारच नाही. हीच गत गॅरेजातल्या जळक्या ऑइलची: २०१६ च्या नियमांनी त्याला घातक कचरा ठरवले असले, तरी ते नाल्यातून खाडीत गेल्याची तक्रार मासेमार कोणत्या मिस्त्रीकडे नेणार? येथे बांधिलकी वस्तू सोपवणाऱ्यापाशी थांबत नाही असेच मानावे लागते, आणि तसे मानले की मिस्त्रीला रिक्षावाल्याला तोंडावर नाही म्हणावे लागते, किंवा लायनर उधारीवर बसवून वसुलीची वाट पाहावी लागते. त्यातला दुसरा मार्ग अधिक माणुसकीचा असला, तरी दर आठवड्याला तो परवडेल असे गॅरेज बोईसरच्या स्टँडजवळ फार दिवस उघडे राहणार नाही.