न आलेल्या माणसाचा पगार

सरकारी खर्चात कपात म्हटलं की कोणाच्या तरी ताटातलं काढून घेतलेलं आपल्या डोळ्यांसमोर येतं. शाळांच्या बाबतीत तसं सहसा होत नाही. नोकरीत असलेल्या शिक्षकाच्या पगाराला हात लावायची कोणाची छाती नाही. त्याच्यामागे संघटना आहे, न्यायालय आहे, शिवाय मतदानकेंद्र चालवायला शेवटी तोच लागतो. पण शालेय शिक्षणावरच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा वेतनाचाच. मग बचत करायची कुठून? गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रानं यावर एक उत्तर हुडकून काढलंय. जो माणूस अजून रुजूच झालेला नाही, त्याच्या पगारातून.

या माणसाला संघटना नाही. तो मोर्चा काढत नाही. कदाचित तो आज दहावीच्या वर्गात बसलेला असेल आणि आपला पगार कापला गेल्याचं त्याच्या गावीही नसेल.

डिसेंबर २०२० मधला शासन निर्णय याचा उत्तम नमुना आहे. कोरोनामुळे बहुतेक शाळांना कुलूप होतं तेव्हा ठरलं, की खासगी अनुदानित शाळांतली शिपायांची आणि इतर चतुर्थश्रेणी पदं, सध्याचा कर्मचारी निवृत्त झाला की संपुष्टात येतील. नोकरी कोणाचीच गेली नाही. पदाच्या बदल्यात शाळेला ठोक ‘शिपाई भत्ता’ मिळणार: ग्रामीण भागात महिन्याला ५,००० रुपये, महापालिका क्षेत्रात ७,५००, मुंबई-पुण्यात १०,०००. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर खेड्यात दिवसाला दोनशे रुपये पडतात. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी २३८ रुपये होती.

या पैशात झाडलोट करणारं कोणी दोन तासांसाठी मिळतंही. पण शाळेतले शिपाईमामा म्हणजे झाडलोट नव्हे. मामा तासभर आधी येऊन कुलपं उघडत, टाकी भरली की नाही बघत, नोटीसवही वर्गावर्गांतून फिरवत, बोर्डाच्या परीक्षेत बाकांमधून पाणी देत. सातवीतल्या मुलीच्या पोटात दुखायला लागलं तर तिला घरी कोण सोडणार? मामाच. ते त्याच गावचे. दुपारी कोणाच्या घरी आजी असते आणि कोणाच्या घराला कुलूप असतं, हे त्यांना तोंडपाठ. हे काम कुठल्याच कर्तव्यसूचीत नव्हतं, त्यामुळे पद संपवताना ते कोणाच्या हिशेबातही आलं नाही.

काम मात्र उरतंच. ते खाली सरकत जातं आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यापाशी येऊन थांबतं. घंटा नववीतली मुलं देतात, टपाल मुख्याध्यापक स्वतः नेतात, आजारी मुलीला सोडायला बाई वर्ग सोडून जातात. यावर स्वावलंबनाचा दाखला हटकून दिला जातो. आपला वर्ग मुलांनी झाडावा, हे मलाही मान्य आहे. पण कर्मवीर भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’मधल्या श्रमातून गरीब मुलाचं शिक्षण उभं राहत होतं. इथे मुलाचा श्रम एका रिकाम्या पदाची भरपाई करतो. शिवाय वर्ग झाडणं वेगळं आणि स्वच्छतागृह वेगळं. तिकडे कोणत्या वस्तीतली मुलं पाठवली जातात, हा प्रश्न आपल्या समाजात अजून विचारावाच लागतो.

अशा शाळेची शिक्षकखोली मधल्या सुट्टीत पाहण्यासारखी असते. खिडकीपाशी डबा उघडून बसलेले सर १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले, म्हणून त्यांना जुनी पेन्शन. शेजारच्या बाई नंतर लागल्या, त्यांच्या पेन्शनचा घोळ वेगळा. टेबलाच्या टोकाला शिक्षणसेवक, तीन वर्षं मानधनावर. ही योजना २००० साली आली तेव्हा प्राथमिकला महिना ३,००० रुपये होते, पुढे ६,००० झाले आणि २०२३ मध्ये १६,०००. दाराजवळ तासिका तत्त्वावरचा तरुण. दिवाळीची सुट्टी लागली की याचं मीटर बंद. दुसऱ्या इमारतीत अंशतः अनुदानित तुकडीवरचे शिक्षक असतील, तर वीस, चाळीस, साठ टक्के असा त्यांचा वेगळाच पाढा. त्यातल्या अनेकांनी ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ शब्द २००९ मध्ये निघाल्यावरही पुढची कितीतरी वर्षं बिनपगारी काढली. अभ्यासक्रम सगळ्यांचा एकच, गठ्ठे सारखेच, पोरं तीच.

यात नुसता गरिबीचा प्रश्न नाही. पाच जणांच्या पाच अटी असल्या की कोणतीच मागणी सगळ्यांची राहत नाही. सहलीचा हिशेब, स्नेहसंमेलन, संकेतस्थळावर माहिती भरणं हे कोणाकडे जातं? शिक्षणसेवकाकडे. कारण कायम होण्याच्या प्रस्तावावर मुख्याध्यापकांची सही लागते, हे तो जाणतो.

माहिती भरण्यावरून आठवलं. लिपिक नसलेल्या प्राथमिक शाळेत हे काम शिक्षकाचंच. मध्यंतरी संच मान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवताना, आधार वैध झालेलीच मुलं धरायची असं ठरलं. मग दाखल्यावर ‘साईनाथ’ आणि आधारवर ‘सायनाथ’ असलेलं पोरगं वर्गात पहिल्या बाकावर बसून पाढे म्हणतंय, पण पटावर नाही. अशी चार-दोन मुलं गळाली की एक पद अतिरिक्त ठरू शकतं. तेव्हा गुरुजींनी पाढे थांबवून आधी स्पेलिंग दुरुस्त करावं, हेच शहाणपणाचं. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी तीन सोडून अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं सांगतं. पण शाळेतच बसून करायच्या कारकुनीला अशैक्षणिक कोण म्हणणार?

दिव्यांग मुलांच्या बाबतीत ही काटकसर सगळ्यात जास्त बोचते. प्राथमिकला दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि उच्च प्राथमिकला पंधरामागे एक, असं प्रमाण सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं. राज्यानं २०२४ मध्ये ४,८६० पदं निर्माण केली, म्हणजे साधारण एका केंद्राला एक. एका केंद्रात अनेक शाळा. विशेष शिक्षक शाळेत येतात त्या दिवशी त्या मुलाचा दिवस चांगला जातो. उरलेले दिवस चाळीस मुलांच्या वर्गात त्याला सांभाळणं हे वर्गशिक्षकाच्या मायेवर सोडलेलं.

मायेची ही भाषा मला अलीकडे खटकू लागली आहे. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर बातमी असते: गुरुजींनी पदरमोड करून शाळेचं रूप पालटलं. सोबत रंगवलेल्या भिंती, हार घातलेले गुरुजी. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात शैक्षणिक साहित्यासाठी शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये मिळत. ते गेले. आता शाळेला एकत्रित अनुदान येतं. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, आणि त्यातच वीजबिल, खडू, दुरुस्ती, सगळं. हे पुरत नाही, म्हणून पदरमोड होते. ती बातमी खरं तर जिल्हा परिषद नापास झाल्याची आहे आणि आपण ती गुणगौरव म्हणून वाचतो. उपक्रमशील शिक्षकांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या पुरस्कारानं शेजारच्या साध्या, नेमस्त शिक्षकाची पंचाईत होते. त्यानं खिशातून पैसे घातले नाहीत, म्हणून तोच कामचुकार ठरतो.

दुसरी बाजूही आहे. मराठी शाळांचा पट घसरतोय. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा थोड्या नाहीत. सातव्या वेतन आयोगाचा पगार आणि पाचवीतल्या पोराला हातच्याची वजाबाकी येत नाही, असं पालक बोलतात आणि त्यात तथ्य असतं. पण ही कपातीची कात्री कोण कसं शिकवतं ते पाहून चालत नाही, जन्मतारीख पाहून चालते. गणिताच्या बाई मे महिन्यात निवृत्त झाल्या तर त्या शाळेचं गणित जातं. न शिकवणारे सर पस्तिशीत असतील तर ते आणखी तेवीस वर्षं सुरक्षित. सुधारणा म्हणून जिचं समर्थन होतं, ती व्यवस्था सुधारणा करायच्या वाटेलाच जात नाही. २०२४ च्या सप्टेंबरात तर लहान पटाच्या शाळांतल्या दोनपैकी एका जागेवर निवृत्त शिक्षक १५,००० रुपये मानधनावर घ्यायचा बेत निघाला. म्हणजे गेलेलाच माणूस स्वस्तात परत. ओरड झाल्यावर आधी त्यात बदल झाले, पुढे तो गुंडाळला गेला.

पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी तर या चर्चेत कधी येतही नाहीत. त्यांचं मानधन महिन्याला २,५०० रुपये झालं, तेही २०२३ मध्ये. त्यातला केंद्राचा हिस्सा ६०० रुपये. तो कित्येक वर्षं तिथेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं मुलांच्या अंड्यांसाठीचा वेगळा निधी काढून घेतला आणि हवी असतील तर लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. ज्या गावात वर्गणी जमू शकते, तिथल्या पोरांच्या घरी बहुधा अंडी असतात. जिथे नाही जमत, तिथे मुलांनी ‘आज अंडं नाही?’ विचारल्यावर उत्तर द्यायला समोर मावशीच उभ्या असतात.

या बचतीचा हिशेब जुळत आला होता, पण एक गोष्ट कोणी धरली नव्हती. २००५-०६ च्या सुमारास डी.एड.च्या प्रवेशासाठी मारामार होती. बारावीला चांगले गुण असूनही जागा मिळत नसे, आणि शेती विकून देणग्या भरल्याच्या गोष्टी गावोगावी ऐकू येत. मग २०१२ मध्ये भरतीवर बंदी आली, पुढे पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल आणि वर्षानुवर्षांची वाट. दहावीत बसलेला तो मुलगा हे सगळं आपल्या मोठ्या भावाच्या बाबतीत पाहत होता. आज अनेक जिल्ह्यांत डी.एड. विद्यालयं बंद पडली आहेत आणि जी चालू आहेत त्यांच्या जागा भरत नाहीत.