कापलेला शेवट

माझे एक मित्र आहेत. अभ्यासू, स्पष्टवक्ते, आणि परभणीत तरुणांसाठी कोणताही उपक्रम निघाला की सतरंज्या घालायलाही सर्वांत आधी हजर. गेल्या हिवाळ्यात एका चर्चासत्रात ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरांना माहितीपट दाखवून माध्यमसाक्षरता येत नसते. एका प्रचाराच्या जागी तुम्ही दुसरा प्रचार ठेवता. तुमचा जरा लांबलचक असतो, एवढंच." टाळ्या पडल्या. मी त्या दिवशी बोललो नाही, कारण बोलण्यासारखे काही माझ्याजवळ नव्हते. आज बोलतो आहे. मात्र हे उत्तर जुळवताना त्यांचे निम्मे म्हणणे मला मान्य करावे लागले, तेही आधीच सांगून टाकतो.

परभणी, सेलू, गंगाखेड या पट्ट्यात आम्ही काहीजण माहितीपट दाखवत फिरतो. कधी महाविद्यालयाचे सभागृह मिळते, कधी गावातले समाजमंदिर. खिडक्यांना पोती टांगून अंधार करायचा, भिंतीवर पांढरी चादर ताणायची आणि प्रोजेक्टर लावायचा. सुरुवातीला माझा हिशेब सरळ होता. मोबाइलमध्ये खोटे येते, माहितीपटात खरे असते. पोरांना खऱ्याची चव लावली की खोटे आपोआप बेचव लागेल. आमच्या पिढीला टॉकीजमध्ये मूळ सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची वृत्तचित्रे सक्तीने बघावी लागत. धरण बांधले, मंत्री आले, फीत कापली. तेव्हा लोक बाहेर जाऊन बिडी ओढून येत. १९४८ साली सुरू झालेल्या त्या खात्यात फार मोलाची कामेही झाली, पण सक्तीमुळे माहितीपट म्हणजे सरकारी जांभई असा समज गावोगाव पक्का झाला. तो मोडला की आपले काम झाले, असे मला वाटत होते.

तो हिशेब चुकला राईनपाड्यापाशी.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा, आठवडी बाजाराचा रविवार. मुले पळवणारी टोळी आली असा बोभाटा झाला आणि जमावाने पाच माणसांना ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, बहुतेक मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. डवरी गोसावी आमच्या भागालाही परके नाहीत. डौर वाजवत ते दारात उभे राहत आणि माझी आई सुपाने त्यांच्या झोळीत ज्वारी घालत असे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या धान्य घातले, तोच माणूस एका उन्हाळ्यात पोरे पळवणारा कसा झाला?

त्या दिवसांत देशभर एक चित्रफीत फिरत होती. गल्लीत पोरे खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि निघून जातात. ही चित्रफीत आपल्या देशातली नव्हती. कराचीतल्या रोशनी नावाच्या संस्थेने पालकांनी सावध व्हावे म्हणून केलेली ती छोटी जाहिरात होती. मूळ जाहिरातीत मोटारसायकल परत फिरते, पोराला सुखरूप खाली सोडते, आणि स्वार एक फलक उघडून दाखवतो. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, असा त्यावरचा मजकूर. आपल्याकडे आलेल्या चित्रफितीत हा शेवट नव्हता. शेवटचे काही सेकंद कोणीतरी कापले होते. बाकी एकही चौकट बदललेली नव्हती.

ही गोष्ट मला अजून झोप लागू देत नाही. मुले वाचावीत म्हणून, लोकांना जागे करण्यासाठी, चांगल्या हेतूने केलेली ती फिल्म होती. म्हणजे आम्ही गावोगाव दाखवतो त्याच जातकुळीतली.

मी दोन्ही चित्रफिती मुलामुलींना एकापाठोपाठ दाखवतो. आधी कापलेली, मग पूर्ण. दुसरी संपली की खोलीत जी शांतता पसरते, तिच्याचसाठी मी हे काम करत आलो. एकदा त्या शांततेत मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, मग तुम्ही आम्हाला ज्या फिल्मा दाखवायलात, त्यातलं काय काय कापलेलं असतं?"

माझ्या मित्राचाच प्रश्न, पण कुत्सितपणा काढून टाकलेला. तिला मी त्या दिवशी जे सांगितले ते अपुरे होते. आज पुरे सांगायचा प्रयत्न करतो.

कापलेले पुष्कळ असते, आणि रचलेलेही. भारतातल्या अगदी पहिल्या वास्तवचित्रांपैकी एक आपल्या सावेदादांचे, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांचे. १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये त्यांनी दोन पैलवानांची कुस्ती टिपली. कुस्ती खरी होती, घाम खरा होता, पण ती कॅमेऱ्यासाठीच लावलेली होती, असे चित्रपटाचे इतिहासकार नोंदवतात. १९२२ सालचा फ्लाहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' जगभर माहितीपटांचा आद्य नमुना मानला जातो. त्यातल्या नायकाचे नाव नानूक नव्हते, पडद्यावरची त्याची बायको त्याची बायको नव्हती. बंदूक वापरणाऱ्या त्या शिकाऱ्याला भाला घ्यायला लावले होते. आत कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून बर्फाचे घर अर्धे उघडेच बांधले होते. फ्लाहर्टीला मी लबाड म्हणत नाही. त्या लोकांमध्ये त्याने अनेक महिने काढले. पण ज्याला हे सारे ठाऊक नाही, त्याच्यापुढे 'नानूक' लावून 'हे बघा सत्य' म्हणणे ही लबाडीच आहे, आणि ती दाखवणाऱ्याची आहे. ती मी केली आहे.

आणि आपल्याच मातीत याच्यावरचा उतारा किती आधी सापडला होता! दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली एक छोटी फिल्म केली, चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी. पडद्यावरच्या देवांच्या लीला बघून लोक हात जोडत होते. त्याच काळात हा माणूस स्वतःचा कारखाना उघडून दाखवत होता. पुढे आपण त्यांच्या नावाने पुरस्कार वाटले, पण शाळेत चित्र वाचायला शिकवले नाही.

इथे मला डॉ. नरेंद्र दाभोलकरांकडे जायचे आहे आणि जरा थांबायचे आहे. माध्यमसाक्षरता हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी तिची रीत त्यांच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव नेली होती. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची चमत्कार प्रात्यक्षिके ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल. कार्यकर्ता शेंडीचा नारळ घेतो, पळीने त्यावर पाणी शिंपडतो आणि नारळ पेट घेतो. पाण्याने! पुढे बसलेली पोरे मागे सरकतात, म्हाताऱ्या हात जोडतात. कार्यकर्ता त्यांना पुरेसे चकित होऊ देतो. घाई करत नाही. मग शेंडी उकलून आत लपवलेला सोडियमचा तुकडा दाखवतो. आणि मग, माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचे, समोरच्या एखाद्या पोराला वर बोलावतो, पळी त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, आता तू पेटव.

या तीन पायऱ्यांची तोड मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीत दिसली नाही. आधी आपणही फसू शकतो याचा स्वतःच्या अंगावर आलेला अनुभव, मग उकल, मग स्वतःच्या हाताने करणे. 'फॉरवर्ड करण्यापूर्वी खात्री करा' असली पत्रके यातली एकही पायरी चढत नाहीत. शिवाय दाभोलकर भाविकाला कधी मूर्ख म्हणाले नाहीत. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देश रांगेत उभा राहिला, तेव्हा समितीचा भर पृष्ठताण समजावून देण्यावर होता. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोन, धर्माची विधायक चिकित्सा आणि व्यापक समाजपरिवर्तन ही त्यांची चतुःसूत्री. तिच्यातला 'विधायक' हा शब्द त्यांनी जन्मभर सांभाळला. कबड्डीपटू होते ते; समोरच्याच्या अंगणात जाऊन, त्याला स्पर्श करून, श्वास असेपर्यंत परतायचे हे त्यांच्या अंगात होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. रीत मागे राहिली.

मी ती माहितीपटांना लावली. आता फिल्म संपली की आम्ही ती पुन्हा लावतो आणि थांबवत थांबवत उकलतो. हे दुःखाचे संगीत कुठून सुरू झाले? बाई रडली, त्याआधी तिला काय विचारले होते? प्रश्न का ऐकू येत नाही? कॅमेरा कोणाच्या ओट्यावर उभा आहे? मग आवाज बंद करून तोच तुकडा. मग दुसरे संगीत घालून तोच तुकडा. पोरे हरखून जातात. मीही काही महिने हरखून गेलो होतो.

पण दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांना जी भिंत लागली, तीच मला लागली. प्रात्यक्षिक बघून लोक म्हणत, तो बाबा भोंदू होता खरा, पण आमचे महाराज तसे नाहीत. माझ्यासमोर एक मुलगा म्हणाला, "ती क्लिप खोटी हाय, कळलं सर. पण ते लोकं तसलेच असतेत की." कराचीची चित्रफीत त्याने स्वतः उकलली होती. युक्ती कळली होती. समज जागचा हलला नव्हता. उलट 'सगळंच कापलेलं असतं' हे नवे हत्यार हाती आल्याने, आपल्याला न पटणारे खरेही तो आता सहज झटकू लागला.

मित्राचे निम्मे म्हणणे मान्य, असे मी म्हणालो ते या जागी. नुसती उकल शिकवली तर आपण तरबेज संशयी घडवतो, आणि संशयाला बाजू नसते, तो आधीच्या पूर्वग्रहाच्या घरी जाऊन बसतो.

उरलेले निम्मे मान्य नाही, कारण 'लांबलचक' हा शब्द त्यांनी हिणवण्यासाठी वापरला. माहितीपटाचे खरे बळ त्या लांबीतच आहे. 'ते लोकं' हा शब्द तीस सेकंदांत उभा राहतो. तो मोडायला तीन तास लागतात. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' घ्या. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली. पटवर्धन तिथून चित्रीकरण करत राहिले, फिल्म आली २०११ ला. चौदा वर्षे. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे पोलिसांचे म्हणणे. गोळीबाराची चौकशी करणाऱ्या गुंडेवार आयोगाने ते स्वीकारले नाही. आधी काय घडले आणि नंतर काय, या एका क्रमावर दहा मृत्यूंचा न्याय अवलंबून होता. संकलन म्हणजे काय हे याहून स्पष्ट मी कुठल्या पाठात सांगू शकलो नसतो.

परभणीच्या पोरांना ते सांगावेही लागले नाही. १० डिसेंबर २०२४ ला आमच्या रेल्वे स्थानकाजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्या आठवड्यात ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये चित्रफिती होत्या आणि कुठली आधीची, कुठली नंतरची, हे फार थोडे विचारत होते. पुढे 'जय भीम कॉम्रेड' लावला तेव्हा पहिल्या अर्ध्या तासानंतर कोणीही फोन काढला नाही. तीन तास. मध्यंतरात चहा आला तो गार झाला. त्या तीन तासांत पडद्यावरची माणसे गातात, भांडतात, एकमेकांचे खोडून काढतात, चुकतात, म्हातारी होतात. 'ते लोकं' म्हणायची सोय उरत नाही.

एका बैठकीने काही होत नाही हेही खरे. संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास बिहारमध्ये घरोघरी खोटी माहिती ओळखण्याचे तासाभराचे धडे देऊन पाहिले, एकंदरीत ठळक फरक पडला नाही. नंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बिहारमध्येच १३,००० हून अधिक किशोरवयीन मुलांसाठी काही आठवडे चालणारे वर्ग घेतले, तेव्हा परिणाम झाला आणि काही महिन्यांनीही टिकून होता. एक दिवसाचे शिबिर, बॅनर, फोटो आणि अल्पोपाहार यांवर पैसे घालणाऱ्यांनी हा फरक मनावर घ्यावा.

आणि एक बाजू राहते, पडद्यावर जो दिसतो त्याची. 'रायटिंग विथ फायर' हा 'खबर लहरिया' या वृत्तमाध्यमाच्या महिला पत्रकारांवरचा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला आणि २०२२ च्या मार्चमध्ये खुद्द 'खबर लहरिया'नेच जाहीरपणे सांगितले की यात आमचे चित्र अर्धेच आले आहे, आम्ही एकाच पक्षाच्या मागे लागलेल्या वाटतो. माझ्यासाठी हे त्या फिल्मचे अपयश नाही. करणाऱ्याचे नाव माहीत होते, म्हणून त्याला जाब विचारता आला. कराचीच्या फिल्मचा शेवट कोणी कापला, हे राईनपाड्यात मारल्या गेलेल्या पाच जणांच्या घरच्यांनी कोणाला विचारायचे?

म्हणून आता आमच्याकडे शेवटची पायरी पोरांनी स्वतः फिल्म करण्याची असते, आणि तिचा पहिला खेळ जिच्यावर वा ज्याच्यावर ती केली, त्या माणसासमोर होतो. परवा एका मुलाने त्याच्याच गावातल्या कापूस वेचणाऱ्या बाईवर चार मिनिटांची फिल्म केली. बोटांची चिरलेली टोके, दुपारचे ऊन, मजुरीचा हिशेब, हलकेच बासरी. समाजमंदिरात दिवे लागले तेव्हा ती बाई पदर सावरत पुढे आली.

"चांगलं केलास बाळा. पर मालक मजुरी कमी देतो म्हणलं, तेवढंच ठिवलास. त्याच्या कापसाला बी भाव न्हाई मिळाला म्हणलं व्हतं, ते कामून काढलास? मला त्याच्याच वावरात जायचंय उद्या."

मुलगा लाल झाला. म्हणाला, "मावशी, चार मिन्टात बसत नव्हतं."

"मग पाच कर."

आठवड्याने त्याने फिल्म परत आणून लावली. बासरी काढली होती. फिल्म पाच मिनिटे दहा सेकंदांची झाली होती.