अर्ध्या गुणाचा हिशेब

सांघिक बुद्धिबळात पट चार, खेळाडू चार, पण निकाल एकच. अडीच गुण झाले की सामना संघाचा. म्हणून कर्णधार खेळाडूला ‘बरोबरी घे’ असे सुचवू शकतो. नियम ही मुभा देतात. फक्त पटावरच्या स्थितीबद्दल त्याने चकार शब्द काढायचा नाही. समजा, आपला डाव जिंकता येईल असे तिला वाटते आहे. मग तिने काय करावे?

सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या महिला संघाने प्रथमच सुवर्णपदक मिळवले. आठव्या फेरीत पोलंडने संघाला हरवले, तरी नागपूरच्या दिव्या देशमुखने त्या दिवशी स्वतःचा डाव जिंकला होता. दहाव्या फेरीत चीनविरुद्ध ती पुन्हा जिंकली. हारिका, वैशाली, वंतिका यांनी बरोबरी साधली आणि सामना अडीच-दीडने भारताचा झाला. दिव्याच्या बाजूने दोन्ही विजय सारखेच. एक वाया गेला, दुसरा कामी आला, कारण बाकीच्या तिघी हरल्या नाहीत. लोकांच्या ध्यानात मात्र जिंकणारीच राहते.

काही जण म्हणतील, संघासाठी बरोबरी घेणे हाच त्याग. आम्हाला हे अर्धेच पटते. जिला नकार देता येतो तिचाच त्याग; जिला विचारलेच नाही तिच्याकडून ती वसुली असते. आणि हिशेबही लागतोच. गुणतक्त्यात प्रत्येकीचा अर्धा गुण तिच्या स्वतःच्या नावापुढे लिहिला जातो, ही आम्हाला पदकाइतकीच मोलाची बाब वाटते.

आमच्या युसूफ वडगावच्या परिसरातून, सगळ्या केज तालुक्यातूनच, माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हाती पडते. मोळ्या बांधणारी, डोक्यावरून वाहणारी ती. मुकादमाच्या वहीत मात्र तिचा अर्धा गुण कुठे असतो? ‘घरासाठीच तर करते’ एवढे म्हटले की मसला मिटला, असे आपण धरून चालतो.

१९३३ मध्ये ब्रिटनची महिला अजिंक्य स्पर्धा जिंकली ती पंजाबच्या सर उमर हयात खान यांच्या घरातल्या एका नोकर मुलीने. पुरुषांत त्याच वर्षी त्यांच्याच पदरी असलेले मीर सुलतान खान जिंकले. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला. त्या मुलीचे पूर्ण नावही विजेत्यांच्या यादीत नाही. तिथे लिहिले आहे ते एवढेच : मिस फातिमा.