टाचांची हेळसांड पुरे झाली

निऱ्या खाली ओढून भेगा बुजत नाहीत. पाय पुढे करा, बघू द्या मला.

ही भेग बघा. कडेची कातडी पिवळी पडून टणक झाली आहे, मध्ये लाल मांस दिसतंय आणि त्यात माती बसली आहे. रात्री चादरीचा दोरा अडकून जीव कळवळतो, तरी सकाळी उठून तशाच फरशीवर उभ्या! तुमच्यातल्या कितीतरी जणी माझ्या वर्गात होत्या. तळपायाला तेलग्रंथी नसतात, हे मीच शिकवलं होतं. त्याचे मार्क घेतलेत आणि विसरून गेलात?

आपल्या नगरची हवा मुळात कोरडी, थंडीत तर अधिकच. टाचेला बाहेरून ओलावा दिला नाही तर ती राठ होते. पीठ नीट मळलं नाही तर भाकरी थापताना कडेला चिरते ना? तसंच हे. अंगाचा भार पडला की टाच पसरते, राठ कातडीला ताणता येत नाही, म्हणून ती उलते. मागून उघड्या सपाता आणि तासन् तास उभं राहणं यांनी त्यात भरच पडते.

आणि यावर उपाय काय करता? ब्लेडने कातडी सोलता! कुणी बिब्बा तापवून भेगेत टेकवतं. बिब्ब्याचा चीक कातडी जाळतो, फोड उठतात, जखम चिघळते. आजी करायची म्हणून ते बरोबर ठरत नाही. आजीची टाच घासायची वज्री घ्यायची, तर ती माळ्यावर टाकून दिलीत.

आता नीट ऐका. रात्री कोमट पाण्यात पंधरा मिनिटं पाय बुडवा. कढत पाणी नको, कपड्यांची पावडर नको. आठवड्यातून एक-दोनदा वज्री किंवा खरखरीत दगड हलक्या हाताने फिरवा. भेगेतून रक्त येत असेल तर तेवढा भाग सोडा. पाय टिपा आणि कातडी ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा वितळवलेलं कोकम तेल चोळा. टाच फार जाड झाली असेल तर औषधाच्या दुकानात १० ते २५ टक्के युरियाचं मलम मिळतं. पण उघड्या भेगेत ते झोंबतं. वरून सुती मोजे घालून झोपा. दोन दिवस करून सोडायचं नाही, रोज करायचं.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर कान उघडे ठेवून ऐका. तुम्ही कुष्ठधाम रोडने रोज जाता. कुष्ठरोग्यांचे पाय का झिजतात, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं: पाय बधिर होतो, जखम कळत नाही आणि तिच्यावरच चालणं सुरू राहतं. मधुमेहातही पाय असाच बधिर होतो. दुखत नाही याचा अर्थ बरं आहे, असा नाही. तुम्ही वज्री घरी फिरवायची नाही, पाण्याचा कढ पायाने अजमावायचा नाही, पाय भिजत ठेवायचे नाहीत. रोज तळपाय आरशात बघायचे. पू, सूज, लाली दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेला अनवाणी जाण्याचा हट्ट तुम्ही करू नका. डांबरावर पाय पोळून घ्या असं देवी सांगत नाही. नमस्कार चपला घालून चालत गेलात तरी पोहोचतो.

वेळ नाही, हे कारण मला सांगू नका. नवऱ्याची गोळी, मुलांचा डबा, सासूबाईंचं पथ्य सगळं तुम्हाला घड्याळाच्या काट्यावर आठवतं; स्वतःच्या पायाची पाळी आली की "राहू दे" म्हणता. ज्या पायांवर सगळं घर उभं आहे त्यांना राहू दे? आज जेवणं उरकली की भांडी नंतर घासा. आधी पाणी कोमट करायला ठेवा.